मेंटॉरिंगचा उपक्रम चालवायचाय? पहिल्या वर्षी वीस जोड्यांच्या पुढे जाऊ नका

एप्रिल-मे आला की कुठल्यातरी माजी विद्यार्थी संघाकडून, नाहीतर एखाद्या उत्साही मंडळाकडून साधारण सारखीच विचारणा येते. "आमच्याकडे शिकून नोकरीला लागलेली बरीच पोरं आहेत. शाळेतल्या शंभर मुलांना एकेक मेंटॉर द्यायचाय. फॉर्म कसा असतो, तेवढं पाठवा." फॉर्म पाठवता येतो, त्यात काही अवघड नाही. पण शंभर हा आकडा ऐकला की मी आधी विचारते, या शंभर जोड्यांना दर महिन्याला फोन कोण करणार? बहुतेक वेळा तिथेच बोलणं थांबतं.

उपक्रम तसा साधा आहे. एक मूल आणि घराबाहेरचा एक भरवशाचा मोठा माणूस यांची जोडी लावायची. त्यांनी ठरलेल्या दिवशी वर्षभर भेटायचं आणि संस्थेनं त्या भेटींवर लक्ष ठेवायचं. मोठ्या माणसाला मुलं दादा किंवा ताईच म्हणतात, कागदावर मेंटॉर लिहा नाहीतर आणखी काही.

न्यू यॉर्कच्या बालन्यायालयातले कारकून अर्नेस्ट कूल्टर यांनी १९०४ मध्ये कोर्टात उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी असे स्वयंसेवक गोळा केले. त्यातूनच पुढे 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही अमेरिकेतली मोठी संस्था झाली. तिच्या कामावरचा एक गाजलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते १६ वयाच्या ९५९ मुलांचे सोडत काढून दोन गट केले होते. एका गटाला लगेच मेंटॉर मिळाला, दुसरा १८ महिने प्रतीक्षा यादीत राहिला. मेंटॉर मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांना नव्याने हात लावण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघालं, शाळा बुडवण्याचं ५२ टक्क्यांनी. देणगीदारापुढे हे आकडे सगळेच ठेवतात. पण त्याच माहितीची २००२ मध्ये पुन्हा छाननी झाली आणि त्यात जे निघालं ते फारसं कुणी सांगत नाही. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता. जोडी तीन महिन्यांच्या आत मोडली, त्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत मात्र घसरलं होतं.

त्याहून जुना आणि त्याहून कडू दाखला मॅसॅच्युसेट्समधला आहे. केंब्रिज आणि सोमरव्हिल या दोन गावांत १९३९ मध्ये ५०६ मुलग्यांवर प्रयोग सुरू झाला. अर्ध्या मुलांच्या घरी सरासरी पाच वर्षं समुपदेशक जात राहिले. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेले पुरुष न मिळालेल्यांपेक्षा बरे निघाले नव्हते. दारूचं व्यसन, पुन्हा पुन्हा होणारे गुन्हे, अकाली मृत्यू अशा काही बाबतींत ते मागेच होते.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. "काही नसण्यापेक्षा थोडं तरी बरं" हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद या कामात चालत नाही, एवढं सुरुवातीलाच कळलेलं बरं.

आधी एक वाक्य लिहा

कोणती मुलं, कशासाठी, किती काळ, हे एका वाक्यात बसलं पाहिजे. उदाहरणार्थ: "आमच्या गावातल्या अनुदानित शाळेतल्या नववीच्या, घरात शिकणारी पहिलीच पिढी असलेल्या मुलांना दहावीनंतरचा रस्ता स्वतः निवडता यावा म्हणून वर्षभर मेंटॉर." यात शिकवणी नाही, पैशाची मदत नाही, समुपदेशनही नाही. ही तिन्ही कामं चांगली आहेत, पण वेगळी आहेत. मेंटॉरनं गणित शिकवायला घेतलं की दोन महिन्यांत तो फुकटचा क्लास होतो. मग घटक चाचणीत मार्क कमी पडले तर पालक त्यालाच जाब विचारतात.

नववी मी मुद्दाम म्हणते. दहावीत मूल सकाळी क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास आणि जानेवारीपासून सराव परीक्षा या चक्रात असतं. पालक भेटीला नाही म्हणत नाहीत, पण पाठवतही नाहीत. आठवीची मुलं जरा लहान पडतात. नववीत सुरुवात केली तर वर्ष संपता संपता मूल दहावीत गेलेलं असतं आणि नातं मुरलेलं असतं.

एकास एक जोडी की एका मेंटॉरमागे तीन-चार मुलं? लहान गावात दुसरा प्रकार मला जास्त बरा वाटतो, विशेषतः मुलींसाठी. तीन मैत्रिणी मिळून ताईला भेटायला जातात म्हटलं की घरचे निर्धास्त असतात आणि शेजारपाजारही गप्प बसतो. मात्र मेंटॉरच्या शोधात दमछाक होते म्हणून एकेकाच्या गळ्यात आठ-आठ मुलं मारू नका. त्याला वर्ग म्हणतात.

हिशोब

जोड्यांची संख्या किती मेंटॉर मिळतात यावर ठरवू नका. समन्वयक, म्हणजे संस्थेच्या वतीनं जोड्यांवर लक्ष ठेवणारा माणूस, किती बोलणी करू शकतो, त्यावर ठरवा. प्रत्येक जोडीमागे महिन्याला मेंटॉरशी एक फोन आणि मुलाशी एक समोरासमोर बोलणं. शिवाय तीन महिन्यांतून एकदा पालकांशी. वीस जोड्या म्हणजे महिन्याला चाळीस-पन्नास बोलणी. त्यातली अर्धी पहिल्या फोनला होत नाहीत. अर्धवेळ काम करणाऱ्या माणसाला एवढंच झेपतं, आणि म्हणून पहिल्या वर्षी वीस.

या समन्वयकाला मानधन द्या. "आमच्यातलंच कुणीतरी बघेल" असं म्हणून सुरू झालेल्या उपक्रमात दिवाळीनंतर कुणीच बघत नाही. देणगीदारांना दप्तरं, टॅब, टी-शर्ट यांवर पैसे द्यायला आवडतं, मानधन म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात. तरी अंदाजपत्रकात पहिली ओळ मानधनाचीच ठेवा. मग प्रवासखर्च, चहा-नाश्ता, प्रशिक्षणाचा दिवस, चारित्र्य पडताळणीचं शुल्क, झेरॉक्स, फोनचं रिचार्ज. टी-शर्ट शेवटी, उरलेच तर.

संस्थेची नोंदणी हा वेगळा विषय आहे. सुरुवातीला धर्मादाय आयुक्तांकडे आधीच नोंदलेल्या एखाद्या संस्थेच्या छत्राखाली काम करणं सोयीचं. नवी संस्था काढण्यात पहिलं वर्ष घालवू नका.

शाळा आणि घर

खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांबरोबर संस्थाचालकांचीही लेखी परवानगी घ्या. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत शिक्षण विभागाचं पत्र लागतं आणि त्याला वेळ जातो. म्हणून अर्ज उन्हाळ्यातच टाका. शाळेकडून तीन गोष्टी स्पष्ट मागा: भेटीसाठी एक उघडी, येता-जाता दिसणारी जागा, संपर्कासाठी एक शिक्षक, आणि मुलं निवडण्यात तुमचाही शब्द. नाहीतर शाळा एकतर सगळी हुशार मुलं देते किंवा सगळी 'त्रासदायक' मुलं. त्रासदायक म्हणून पाठवलेल्या मुलाला आपल्याला इथे का धाडलंय ते पहिल्याच दिवशी कळतं, आणि त्यानंतर तुम्ही कितीही गोड बोला.

पालकसभा लोकांची कामं आटोपल्यावर ठेवा. सकाळी अकराची सभा म्हणजे रोजंदारीवरच्या आईची खाडा पडलेली मजुरी. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, आणि सभेत मोठ्यानं वाचून दाखवायचं. मेंटॉर कोण, भेट कुठे आणि किती वेळ, काय होणार नाही, तक्रार कुणाकडे करायची, पालक कधीही मुलाला काढून घेऊ शकतात, हे सगळं त्यात हवं. फोटोची संमती वेगळी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे. 'गरजू विद्यार्थी' असा मथळा देऊन मुलाचा चेहरा फेसबुकवर टाकणं तर कायदा नसता तरी गैरच. त्याच्या वर्गातली मुलं फेसबुक बघतात.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील, बीडकडे किंवा अहिल्यानगरच्या काही भागांत, तर दिवाळीच्या सुमाराला अर्धा गाव रिकामा होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो. तिथे मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहणार की कारखान्याच्या फडावर जाणार, हे आधी विचारा आणि मगच जोडी लावा.

मेंटॉर कुठून आणायचे, कुणाला नाही म्हणायचं

त्याच शाळेतून आठ-दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेली माणसं सगळ्यात चांगली. बँकेतले कर्मचारी, परिचारिका, आयटीआयचे निदेशक, गावातच धंदा करणारे तरुण यांचाही अनुभव छान आहे. पुण्या-मुंबईच्या आयटीतले लोक मनानं उदार असतात, पण प्रोजेक्टची तारीख आली की गायब होतात. निवृत्त शिक्षकांकडे वेळ असतो आणि तळमळही असते. त्यांची अडचण वेगळीच, ते बोलायचे थांबत नाहीत.

जाहिरातीत "मुलांचं आयुष्य बदला" असलं काही लिहू नका. "दर पंधरवड्याला दोन तास, सलग बारा महिने, त्याच मुलासोबत" असं लिहा. अर्ज कमी येतील, येऊ द्या.

छाननीची पायरी कुणासाठीही गाळायची नाही: लेखी अर्ज, दोघांनी मिळून घेतलेली मुलाखत, ओळखीच्या दोन माणसांना प्रत्यक्ष फोन, पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आणि सही केलेली आचारसंहिता. दिल्ली सरकारनं ऑक्टोबर २०२१ मध्ये 'देश के मेंटॉर' सुरू केलं. १८ ते ३५ वयाच्या स्वयंसेवकांनी सरकारी शाळेतल्या नववी ते बारावीच्या मुलांशी दर आठवड्याला दहा मिनिटं फोनवर बोलायचं, किमान दोन महिने. कल्पना आकर्षक आणि पसारा प्रचंड. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं सुरक्षिततेतल्या त्रुटी दूर होईपर्यंत हा उपक्रम थांबवा, अशी शिफारस केली. पोलीस पडताळणी नाही हा एक आक्षेप होता. मुलीला मुलगी आणि मुलाला मुलगा मेंटॉर दिला म्हणजे धोका टळला असं होत नाही, हा दुसरा. त्या वादातलं राजकारण बाजूला ठेवा, हे दोन्ही आक्षेप वीस जोड्यांच्या उपक्रमालाही तेवढेच लागू आहेत.

मुलाखतीत मी दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवते. पहिली, पुढच्या वर्षाचे बेत. एमपीएससीची मुख्य परीक्षा आहे का? बदली येऊ घातलीय का? लग्न ठरतंय का? दुसरी, "तुम्ही नववीत असताना घरच्यांव्यतिरिक्त कुणाशी बोलायचात?" या प्रश्नावर माणूस थोडा थांबतो, आठवतो आणि बोलायला लागतो. जो थांबत नाही आणि लगेच आजकालच्या पिढीच्या मोबाइलवर घसरतो, त्याच्याबद्दल मी दोनदा विचार करते. "मला बिघडलेली मुलं सुधारायची आहेत" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही. पडताळणीचा कागद मागितल्यावर अपमान वाटणाऱ्यालाही नाही. खरी पंचाईत होते ती नगरसेवकाच्या किंवा मोठ्या देणगीदाराच्या चिठ्ठीवर आलेल्या माणसाची. त्यासाठी निवड समितीत एक बाहेरचा माणूस ठेवा. "समितीनं ठरवलं" हे वाक्य गावात फार उपयोगी पडतं.

प्रशिक्षण: काय सांगायचं आणि काय करून घ्यायचं

दोन अर्धे दिवस पुरतात. भाषणं कमी, प्रसंग करून बघणं जास्त. मूल भेटीला आलंय आणि तासभर "हो", "नाही", "बरंय" एवढंच म्हणतंय. मूल दोनशे रुपये उसने मागतंय. मूल सांगतंय की त्याला शाळाच सोडायचीय. एकानं मूल व्हायचं, एकानं मेंटॉर. दहापैकी आठजण तिसऱ्या वाक्याला सल्ला देतात. तो सल्ला गिळायला शिकवणं, यातच निम्मं प्रशिक्षण जातं.

दोन गोष्टी आपल्याकडच्या आहेत, परदेशी पुस्तिकांत सापडणार नाहीत. एक, आडनाव. "पूर्ण नाव काय रे तुझं?" हा प्रश्न मेंटॉरला साधा वाटतो, पण मुलाला त्यातला खोचकपणा बरोबर ऐकू येतो. जात कळल्यावर बदललेला आवाज तर त्याहून लवकर. पहिल्या भेटीत पहिलं नाव पुरे. दोन, बोली. मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणालं तर दुरुस्त करायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. ते काम शाळेत रोज होतंच आहे, आणि म्हणूनच ते गप्प असतं.

आचारसंहिता थोडक्यात आणि स्पष्ट हवी. भेट ठरलेल्या उघड्या जागीच. मुलाला एकट्याला घरी बोलवायचं नाही, दुचाकीवर मागे बसवून न्यायचं नाही. रोख पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. भेटवस्तू संस्थेला सांगूनच. रात्री चॅटिंग नाही. आपोआप पुसले जाणारे मेसेज वापरायचे नाहीत. इन्स्टाग्रामवर एकमेकांना फॉलो करायचं नाही. "एवढा संशय?" असं कुणीतरी म्हणतंच. त्याला सांगा की हे नियम मुलाइतकंच मेंटॉरलाही सांभाळतात.

आणि कायदा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा मेंटॉरलाही लागू आहे. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता वाटली, तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून "हे मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन मेंटॉरनं कधीच द्यायचं नाही. त्याऐवजी म्हणायचं: "तुझ्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला एका जबाबदार माणसाला सांगावं लागेल. तेही तुला सांगूनच." मूल बोललं तर शांतपणे ऐकायचं आणि उलटतपासणी करायची नाही. "मग तू आधी का नाही सांगितलंस?" तर चुकूनही नाही. त्याच दिवशी समन्वयकाला फोन करायचा. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे दोन क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच टाकून घ्या.

नववी-दहावीच्या मुलींबाबत आणखी एक बातमी येते, घरी लग्न ठरवतायत. ती बहुधा परीक्षा संपल्यावर आणि बहुधा हसत हसत सांगितली जाते. मेंटॉरनं स्वतः घरी जाऊन भांडण काढू नये, त्यानं मुलीचंच बाहेर पडणं बंद होतं. समन्वयकाकडे, तिथून १०९८ कडे. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाकडे (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) जबाबदारी असते, त्यांच्याशी ओळख आधीपासून असू द्या.

जोडी लावणं

कागदावरच्या आवडीनिवडी जुळवण्यापेक्षा वेळ आणि वाट जुळवा. मुलगा कबड्डी खेळतो आणि मेंटॉरही खेळायचा, हे छानच. पण मुलाची शेवटची एसटी साडेपाचला आहे आणि मेंटॉर सहाला सुटतो, तर ती जोडी टिकणार नाही. मुलींना स्त्री मेंटॉर द्याच. मुलाला पर्याय असू द्या. तीन-चार मेंटॉर आणि सगळी मुलं मिळून एक खेळांचा शनिवार करा आणि नंतर प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर दोन नावं लिहायला सांगा. त्यांची निवड आपल्या अंदाजापेक्षा बऱ्याचदा नेमकी निघते.

व्यासपीठ, शाल-श्रीफळ, पाहुण्यांच्या हस्ते 'मेंटॉर प्रदान' असला सोहळा करू नका. पहिली भेट मूल, एक पालक, मेंटॉर आणि समन्वयक अशा चौघांची, अर्ध्या तासाची. भेटीचा वार, जागा, फोन क्रमांक लिहून दोघांना द्या. तिसऱ्या भेटीनंतर मुलाला आणि मेंटॉरला वेगवेगळं गाठून विचारा, चालू ठेवायचं का? या टप्प्यावर बदल केला तर कुणाला लागत नाही. मुलं मोठ्या माणसाला नावडतं म्हणत नाहीत, म्हणून प्रश्न असा विचारा: "पुढच्या वेळी ताई आली नाही तर बरं वाटेल की वाईट?"

वेळापत्रक महाराष्ट्राच्या शाळेचं धरा. अर्ज आणि मुलाखती मे-जूनमध्ये, प्रशिक्षण जुलैत, जोड्या १५ ऑगस्टच्या आसपास. मग गणपती, सहामाही, दिवाळी असं करत पहिले तीन महिने सरतात. या काळात भेटी हुकल्या तर भरून काढायची तारीख त्याच फोनवर ठरवा. मे महिन्यात मूल मामाच्या गावी गेलं तर आठवड्यातून एक फोन, तोही पालकांच्या फोनवर.

वर्ष चालवणं, म्हणजे खरं काम

भेटीत करायचं काय, हा मेंटॉरांचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो. पहिल्या दोन-तीन भेटींत कॅरम, नदीकाठ, वडापाव. नंतर हळूहळू मुलाच्या हाताला काम देणाऱ्या गोष्टी. पोस्टात खातं कसं उघडतात ते बघणं, सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व, आयटीआयची कार्यशाळा आणि तंत्रनिकेतन आतून बघून येणं, एसटीचं आरक्षण स्वतः करणं. बाहेर जायचं असेल तर पालकांची त्या दिवसापुरती लेखी परवानगी आणि दोन मेंटॉर दोन मुलांसोबत.

कागदपत्रांचा भाग मेंटॉरना रटाळ वाटतो, पण मुलांना तिथे खरा आधार लागतो. दहावीनंतरच्या प्रवेशाला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास यांतलं काय लागणार, हे जूनच्या गर्दीत कळून उपयोग नसतो. डिसेंबरमध्येच एक भेट 'आपले सरकार' केंद्रात जाऊन यादी आणण्यासाठी ठेवा. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा पास झालेल्या मुलांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि ते राहून जातं. मेंटॉरनं फॉर्म स्वतः भरायचा नाही. शेजारी बसायचं, मुलाला भरू द्यायचा. चुकला तर पुन्हा भरू द्यायचा.

समन्वयकाचा महिन्याचा फोन "कसं चाललंय?" असा नसावा. त्याला "मस्त" एवढंच उत्तर येतं, आणि "सगळं मस्त" ही माझ्या लेखी धोक्याची खूण आहे. विचारा: शेवटचं कुठल्या तारखेला भेटलात? काय केलंत? मूल कशावर बोललं? काय खटकलं? उत्तर वहीत लिहा, तारखेसह. सलग दोन भेटी हुकल्या तर महिन्याच्या फोनची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दोघांशी बोला. मुलाशी बोलणं मेंटॉरच्या गैरहजेरीत, शाळेत, पण दार उघडं ठेवून.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हमखास एक मरगळ येते. नवलाई ओसरलेली असते, मूल अजून मोकळं झालेलं नसतं, आणि मेंटॉरला वाटतं आपला काही उपयोग नाही. सोडून जाण्याची वेळ हीच. त्यासाठी मेंटॉरांचा महिन्यातून एकदा कट्टा ठेवा, चहा-भजी आणि तक्रारी. दुसऱ्याचंही मूल गप्पच बसतं हे ऐकून जेवढा धीर येतो, तेवढा कुठल्याही व्याख्यात्याकडून येत नाही. मूल खूप खचलेलं वाटलं, जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर तो विषय मेंटॉरच्या आवाक्यातला नाही. पालक आणि समन्वयक यांना लगेच कळवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालतो, मराठीतही.

पालक नाराज होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मूल घरी ताईचं नाव फार घेतं. आईला ते लागतं. अशा वेळी समन्वयकानं घरी जाऊन चहा घ्यावा आणि आईनं मुलासाठी काय काय केलं ते तिच्याच तोंडून ऐकावं. मेंटॉरनंही पुढच्या भेटीत आईला विचारून एखादी गोष्ट ठरवावी.

मोजायचं काय

दहावीचे टक्के वाढले ते आमच्यामुळे, असा दावा करू नका. तुमच्याकडे ९५९ मुलं नाहीत आणि तुलनेचा गटही नाही. मोजता येतील अशा गोष्टी साध्या आहेत: ठरलेल्या भेटींपैकी किती झाल्या, किती जोड्या बारा महिने पोहोचल्या, ज्या मोडल्या त्या कितव्या महिन्यात आणि कशामुळे. शिवाय मुलाला सुरुवातीला आणि शेवटी विचारलेले तेच चार-पाच प्रश्न, जसं "अडचण आली तर घराबाहेर कुणाला सांगशील?" मोडलेल्या जोड्यांचा तक्ता देणगीदाराला दाखवायला जड जातं. दाखवा. पुढच्या वर्षीची छाननी त्याच तक्त्यावरून सुधारते, आणि जाणता देणगीदार तोच कागद आधी मागतो.

निरोप

नातं संपणार कधी, हे मुलाला पहिल्याच भेटीत माहीत असायला हवं. शेवटच्या दोन महिन्यांत मेंटॉरनं दर भेटीत त्याचा उल्लेख करावा, म्हणजे ते अचानक अंगावर येत नाही. शेवटची भेट मुलाच्या पसंतीची. पुढे संपर्क ठेवायचा का, किती, कसा, हे मूल, मेंटॉर आणि समन्वयक अशा तिघांनी मिळून ठरवायचं आणि पालकांना सांगायचं. १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत आचारसंहिता तशीच लागू राहते. "काहीही लागलं तर कधीही फोन कर" हे वाक्य फोन खरंच उचलणार असाल तरच बोला.

मेंटॉर मध्येच सोडून चालला असेल तर त्यानं मुलाला प्रत्यक्ष भेटून सांगावं, मेसेजवर नाही. बंगळूरला रुजू व्हायचं असलं तरी त्याआधीची एक संध्याकाळ निघते. तेही जमलं नाही तर समन्वयकानं आठवड्याच्या आत मुलाला गाठावं आणि खरं कारण सांगावं. "दादा जरा बिझी आहे" म्हणून महिनोन्‌महिने टांगून ठेवलं की मूल स्वतःचंच काहीतरी चुकलं असं धरून बसतं. दुसरा मेंटॉर लगेच आणून उभा करू नका. हवाय का, हे मुलाला विचारा. नको म्हणालं तर त्याचं नाव वहीतून काढू नका, महिन्याचं बोलणं समन्वयकानं चालू ठेवायचं, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा विचारायचं.